पॉइंटांवर शंभर टक्के बोनस, आणि व्हिसा अजून यायचाय

पत्र

आम्ही दोघं ठाण्यात राहतो. हे एकोणसत्तर वर्षांचे, निवृत्त; मी चौसष्टची. मुलगी-जावई टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला असतात. मुलीला बाळंतपणासाठी मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय. एप्रिलच्या मध्याला पोचायचं आणि दिवाळीच्या आधी परतायचं, असं डोक्यात आहे. मुलांकडे लांब मुक्कामाला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी कॅनडाचा सुपर व्हिसा असतो, त्याचा अर्ज केलाय, अजून उत्तर नाही. मागच्या वेळी इकॉनॉमीने गेलो तेव्हा यांचे गुडघे आखडले, पाय इतके सुजले की बूट चढेनात. शिवाय मधुमेह आहे.

आता एअर कॅनडाच्या एरोप्लॅन पॉइंटांचा सेल लागलाय; हे पॉइंट देऊन विमानाचं तिकीट काढता येतं. हजार पॉइंटांना ३५ कॅनेडियन डॉलर आणि वर शंभर टक्के बोनस. मुलीने बघितलं तर मुंबई-टोरांटो एका बाजूला, एका माणसाला, बिझनेस क्लासचे एक लाख पॉइंट आणि इकॉनॉमीचे सत्तर हजार लागतात. जावयांनी एक्सेल करून पाठवलीय. दोघांना जाऊन-येऊन बिझनेसला चार लाख पॉइंट. दोन लाख विकत, दोन लाख बोनस. सात हजार डॉलर, म्हणजे ६४ च्या दराने ४ लाख ४८ हजार रुपये. हीच तिकिटं रोखीने ८ लाख २० हजारांना आहेत. ‘पावणेचार लाख वाचतायत, आई, घेऊन टाका’ म्हणतात. यांचं म्हणणं, हवेतले पॉइंट विकत घ्यायला मी काही वेडा नाही. इकॉनॉमीचं जाऊन-येऊन तिकीट माणशी १ लाख ३० हजारांना मिळतंय, तेच काढू. माझ्या खात्यात २६ हजार पॉइंट आहेत, मुलीच्या खात्यात ९४ हजार. सेल रविवारी रात्री संपतो. कोणाचं ऐकू?

एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई, रविवारच्या आत उत्तर हवंय म्हणालात, म्हणून निकाल आधी सांगते आणि कारणं मागून. या रविवारी एकही पॉइंट विकत घेऊ नका. व्हिसा हातात आला, आणि त्या दिवशी दोघांच्या सीट एकाच विमानात खरोखर दिसल्या, की जेवढे कमी पडतात तेवढेच घ्या. तेही फक्त जाण्यापुरते. यजमानांचं ‘नको’ बरोबर आहे, पण त्यांनी दिलेलं कारण अपुरं आहे. जावईबापूंची एक्सेल नीट मांडलेली आहे, पण तिच्यातला शेवटचा रकाना चुकलाय.

त्या रकान्यापासूनच सुरुवात करते. पावणेचार लाख वाचतात ते कोणाचे? जो माणूस बिझनेस क्लासला ८ लाख २० हजार मोजायला निघालाच होता, त्याचे. तुम्ही दोघं तेवढे कधीच मोजणार नव्हतात. तुमच्या घरात तुलना आहे ती २ लाख ६० हजारांच्या इकॉनॉमीशी. आणि ४ लाख ४८ हजार हाही पुरता आकडा नाही. भारतातल्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनात खर्च केला की बँक वर आपलं जादा शुल्क, म्हणजे मार्कअप, लावते. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे सगळं मिळून चार टक्क्यांच्या थोडं वर. तुमचे झाले ४ लाख ६६ हजार. पॉइंटांचं तिकीट म्हणजे फुकट तिकीट नव्हे. विमानतळाचे कर वेगळे भरावे लागतात, आणि एरोप्लॅनमधून दुसऱ्या कंपनीच्या विमानाचं तिकीट काढलं तर ३९ कॅनेडियन डॉलर शुल्क लागतं. चार एकेरी तिकिटांचे मिळून पन्नास हजार धरा. म्हणजे पाच लाख पंधरा हजारांच्या आसपास. यजमान म्हणतात त्या रस्त्यापेक्षा हे अडीच लाख जास्त आहेत, आणि यालाच एक्सेल बचत म्हणतेय.

आता अडीच लाखांत दोघांना दोन्ही वेळा आडवं झोपून जाता-येता येणार असेल तर ते महाग की स्वस्त, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. गुडघे ज्यांचे दुखतात त्यांना दुसऱ्याने हिशेब शिकवू नये. फक्त तो खर्च आहे हे कबूल करून ठरवा.

इकॉनॉमीचं मात्र मी ठाम सांगू शकते. सेलमध्ये, मार्कअप धरून, एक पॉइंट तुम्हाला सुमारे १ रुपया १७ पैशांना पडतो. जाऊन-येऊन १ लाख ४० हजार पॉइंट म्हणजे १ लाख ६४ हजार रुपये, वर कर. तेच तिकीट रोखीने १ लाख ३० हजारांना मिळतंय. सेलमध्ये घेऊनसुद्धा पॉइंटांचं इकॉनॉमी तिकीट तुम्हाला महाग पडतंय. विकत घेतलेल्या पॉइंटांनी इकॉनॉमीत बसणं हा लांबच्या प्रवासात बहुतेक वेळा तोट्याचाच सौदा असतो, आणि जाहिरातीतल्या मोठ्या टक्क्यांमागे ही गोष्ट हमखास झाकली जाते. शंभर टक्के बोनस म्हणजे शंभर टक्के सूट नव्हे हे जावयांना माहीत आहे, त्यांनी भागाकार बरोबर केलाय. पण पुष्कळांना तो आकडा वाचून तसंच वाटतं. शंभर टक्के बोनस म्हणजे निम्मा भाव, पन्नास टक्के बोनस म्हणजे जेमतेम एक तृतीयांश सूट. मूळ भाव कंपनीनेच ठरवलेला, त्यामुळे निम्मा कशाचा हाही प्रश्न उरतोच. बिनसेलचा ३५ डॉलरचा भाव तुम्हाला पॉइंटामागे सव्वादोन रुपयांच्या वर पडतो. त्या भावाने शहाणा माणूस चार-पाचशे पॉइंट कमी पडले तरच घेतो.

व्हिसाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझ्या मते सगळा निर्णय त्या ओळीवर अडलाय. विकत घेतलेले पॉइंट परत करता येत नाहीत. या खरेदीच्या अटींत ते साफ लिहिलेलं असतं. उद्या व्हिसाला उशीर झाला, किंवा काही कागद पुन्हा मागितले आणि एप्रिलचा मे झाला, तर रोखीने काढलेलं तिकीट बहुतेकदा निदान दंड भरून बदलता किंवा रद्द करता येतं. पॉइंटांचं तिकीटही रद्द करता येतं, पण मग परत काय येतं? पॉइंट. तुमचे साडेचार लाख रुपये एका परदेशी कंपनीच्या वहीत आकडा होऊन बसतात, आणि ते पुन्हा विमानातच बसून वसूल करावे लागतात. नातवंड झाल्यावर दरवर्षी जाणार आहोत, असं तुम्ही म्हणाल. जाल. पण दरवर्षी बिझनेसने जाल का?

सुपर व्हिसाचाच आणखी एक खर्च यात मिसळलाय, तो वेगळा काढून ठेवा. या व्हिसाला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एका वर्षाचा वैद्यकीय विमा लागतो. तुम्ही अर्ज केलाय म्हणजे पॉलिसी घेतलीच असेल. ती काढून पुन्हा वाचा. यजमानांचा मधुमेह तिच्यात ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून कसा धरलाय, औषधाचा डोस हल्ली बदललाय का, बदलला असेल तर तो आजार संरक्षणातून बाहेर पडतो का, हे विमा कंपनीला लेखी विचारा. तिथे हप्ता थोडा वाढवून चांगली पॉलिसी मिळत असेल तर पहिले पैसे तिकडे घाला. तिथल्या इस्पितळातली एक रात्र तुमच्या सगळ्या पॉइंटांचा हिशेब उलटा करू शकते. या बाबतीत मी जावईबापूंचंही ऐकणार नाही आणि यजमानांचंही.

आता ‘हवेतले पॉइंट’. यजमान म्हणतात तसे ते हवेतले नाहीत, पण घट्टही नाहीत. जुन्या खानावळीची कुपनं आठवा. महिन्याची एकदम घेतली तर स्वस्त मिळायची, पण एका थाळीला एक कुपन की दीड, हे ठरवायचा हक्क मालकाकडेच राहायचा. विमान कंपन्यांचं अगदी तसंच आहे. अमेरिकेच्या डेल्टाने २०१५ साली कुठल्या प्रवासाला किती माइल्स, म्हणजे असेच पॉइंट, लागतील याचा तक्ताच संकेतस्थळावरून काढून टाकला. तिथल्याच युनायटेडने २०१९ मध्ये तेच केलं. आधीपासून माइल्स साठवून बसलेल्यांना कोणी विचारलं नाही.

एरोप्लॅनचा स्वतःचा इतिहासही थोडका नाही. १९८४ साली एअर कॅनडाने तो सुरू केला, पुढे वेगळी कंपनी करून विकून टाकला. २०१७ च्या मे महिन्यात एअर कॅनडाने जाहीर केलं की करार संपला की २०२० पासून आपण आपला नवा कार्यक्रम काढणार. लोकांचे साठवलेले पॉइंट अधांतरी लटकले. मग जानेवारी २०१९ मध्ये एअर कॅनडाने बँकांना बरोबर घेऊन तोच एरोप्लॅन ४५ कोटी कॅनेडियन डॉलरला परत विकत घेतला आणि जुने पॉइंट तेवढेच्या तेवढे चालू राहिले. शेवट गोड झाला, पण दीड-दोन वर्षं लोकांच्या जिवाला घोर होता. आपल्याकडे तर याहून वाईट पाहिलंय. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली आणि लोकांच्या माइल्सची माती झाली. जेटची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. जेपीमाइल्स वेगळ्या कंपनीकडे असल्याने इंटरमाइल्स या नावाने उरले, पण ज्या विमानात बसायचं म्हणून लोकांनी ते साठवले होते ते विमानच राहिलं नाही. एअर कॅनडा बुडेल असं मी म्हणत नाहीये, तसं काही चिन्ह नाही. भाव मात्र कधीही बदलू शकतो. म्हणून पॉइंट घ्यायचे आणि त्याच बैठकीत खर्चून टाकायचे.

कंपन्या हे सेल का लावतात, असं तुमच्या यजमानांसारखा माणूस विचारणारच. छापायला खर्च नाही आणि पैसे आजच हातात येतात, म्हणून. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, विमानं उभी असताना युनायटेडने आपला मायलेजप्लस हा कार्यक्रम तारण ठेवून जवळपास ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्या वेळी कंपनीने स्वतःच त्या कार्यक्रमाची किंमत २० अब्ज डॉलरच्या वर सांगितली होती. आणि म्हणूनच ‘रविवारी रात्री शेवट’ हे फार मनावर घेऊ नका. एरोप्लॅनचे असे सेल वर्षातून बऱ्याचदा लागतात. बोनस कधी कमी, कधी जास्त असतो. घड्याळ उलटं चालताना दाखवलं की आपल्याला धडधडतं, ते त्यासाठीच दाखवलेलं असतं.

मग करायचं काय? तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे शेवटून तिसरी: तुमच्याकडे २६ हजार आणि मुलीकडे ९४ हजार. एकूण १ लाख २० हजार पॉइंट घरातच पडलेत, आणि जावयांच्या एक्सेलमध्ये त्यांना जागाच नाही!

पॉइंटांचं तिकीट जाण्याचं वेगळं आणि येण्याचं वेगळं काढता येतं. फक्त जाण्याचा बिझनेस धरा. दोघांचे दोन लाख. घरातले १ लाख २० हजार वजा करा, उरले ८० हजार. शंभर टक्के बोनसच्या सेलमध्ये ४० हजार विकत घ्यायचे, १,४०० डॉलर, मार्कअप धरून सुमारे ९३ हजार रुपये. कर आणि शुल्काचे पंचवीस हजार धरा. साधारण १ लाख १८ हजार रोख देऊन दोघं आडवे होऊन टोरांटोला पोचता. यजमानांनी सांगितलेल्या इकॉनॉमीचा जाण्याचा अर्धा भागच १ लाख ३० हजारांचा होतो. मुलीचे पॉइंटही फुकटचे नाहीत, तिने ते दुसरीकडे वापरले असते, हे खरं. पण आई-वडिलांना आणण्याहून चांगला वापर तिला तरी सापडेल का?

मुलीच्या खात्यातून तिला तुमच्या नावाने तिकीट काढता येतं; त्यासाठी पॉइंट तुमच्याकडे पाठवायची गरज नाही. पाठवायला गेलात तर वर शुल्क बसेल. एरोप्लॅनमध्ये आठ जणांपर्यंत कुटुंबाचे पॉइंट एकत्र वापरायची सोय आहे. वेगवेगळ्या देशांतल्या पत्त्यांचं काय, हे मुलीने अटींमध्ये वाचून घ्यावं. गणिताने पाहिलं तर सगळ्यात स्वस्त वाट अशी निघते की मुलीच्या खात्यात सहा हजार घालून एक बिझनेस तिकीट यजमानांचं काढायचं आणि तुम्ही इकॉनॉमीने जायचं. सात हजार रुपये आणि वर कर, एवढ्यात जातानाचा गुडघ्यांचा प्रश्न मिटतो. ते पुढे पाय पसरून घोरतायत आणि तुम्ही मागे मधल्या सीटवर, हे तुम्हाला चालणार असेल तर माझी हरकत नाही. त्यांना मात्र हा पर्याय आधी दाखवू नका, ते लगेच ‘तूच जा पुढे’ म्हणतील आणि दोघंही मागे बसाल.

आणि त्या ८० हजारांसाठी विकत घेणं ही शेवटची पायरी आहे. कॅनडात एरोप्लॅनची क्रेडिट कार्डं टीडी, सीआयबीसी आणि अमेरिकन एक्सप्रेस देतात. नवं कार्ड घेताना मिळणारा स्वागताचा बोनस बऱ्याचदा हजारोंच्या घरात असतो, आणि अमेरिकन एक्सप्रेसच्या त्यांच्या स्वतःच्या पॉइंटांचे एरोप्लॅन पॉइंट एकास एक करता येतात. जावयांच्या नावावर असं कार्ड नसेल तर एक्सेल बाजूला ठेवून त्यांनी आधी हे बघावं. बाळाची गादी, पाळणा, गाडीतली खुर्ची, हा सगळा खर्च त्यांना पुढच्या दोन महिन्यांत करायचाच आहे. बोनस मिळवायला जेवढा खर्च करावा लागतो तो त्यातच निघेल. कार्डाची वार्षिक फी आणि बोनस जमा व्हायला लागणारा वेळ मात्र तपासायला हवा. जूनमध्ये जमा झालेला बोनस तुमच्या काय कामाचा?

सीट शोधायची ती अशी. मुलीने एरोप्लॅनच्या संकेतस्थळावर लॉग-इन करून तुमच्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे चार-पाच दिवस, दोन प्रवासी टाकून बघायचं. एक प्रवासी टाकून दिसलेली सीट दोन टाकल्यावर गायब होते, हे नेहमीचं. एअर कॅनडाच्या स्वतःच्या विमानाला किती पॉइंट लागतील ते मागणीप्रमाणे रोज हलतं, आणि गर्दीच्या दिवसांत तिथे एक लाखाचे अडीच लाखही दिसतात. लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, एअर इंडिया अशा बहुतेक भागीदार कंपन्यांना ठरलेला तक्ता आहे, पण त्या दोन-दोनच सीट सोडतात. तो तक्ता अंतराच्या टप्प्यांवर चालतो आणि अंतर मोजतात ते मधल्या थांब्यासकट. म्हणून तेच टोरांटो एका मार्गाने कमी पॉइंटांत आणि दुसऱ्या मार्गाने जास्त पॉइंटांत पडू शकतं. मुलीने सांगितलेला एक लाखाचा आकडा कुठल्या मार्गाचा आणि कुठल्या तारखेचा होता, ते तिला विचारा. नुसता तक्त्यात वाचलेला असेल तर त्यावर एक रुपयाही लावू नका. एप्रिलमध्ये आपल्याकडे परीक्षा संपतात आणि अमेरिका-कॅनडाकडे जाणाऱ्या आजी-आजोबांची रीघ लागते. अशा वेळी दोन बिझनेस सीट एकत्र मिळणं सोपं नाही.

दिसल्या तर मग घाई करायची. आधी तुमची नावं पासपोर्टाप्रमाणे भरून तिकीट शेवटच्या पानापर्यंत नेऊन पाहायचं, कारण कधीकधी पडद्यावर दिसणारी सीट प्रत्यक्षात नसतेच. खात्री पटली की पॉइंट विकत घ्यायचे. ते बहुतेकदा काही मिनिटांत जमा होतात, पण कंपनी अटींमध्ये जास्त वेळ राखून ठेवते, आणि तेवढ्यात सीट गेली तर तो धोका तुमचा. खरेदी मुलीनेच तिच्या कार्डावर केली तर मार्कअप वाचेल, पण तिथला कर लागेल. दोन्ही आकडे शेवटच्या पानावर शेजारी ठेवून पाहा. तुमच्या कार्डावर करणार असाल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवा. आणि कोणी व्हॉट्सअॅपवर ‘निम्म्या भावात माइल्स, तिकीट आम्ही काढून देऊ’ म्हणून आलं तर बोलूही नका. असे पॉइंट दुसऱ्याच्या खात्यातले असतात, कंपनीला कळलं की तिकीट रद्द होतं आणि तुम्ही चेक-इनच्या रांगेत अडकता.

व्हिसा आला आणि सीट नाहीच दिसल्या तर? मग यजमान म्हणतात तेच करा, इकॉनॉमी. पण मागच्या वेळेसारखी नको. लुफ्तान्सा आणि एअर कॅनडाच्या लांबच्या विमानांत प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे थोडी ऐसपैस इकॉनॉमी, असते. निदान यजमानांसाठी तिचा भाव काढून बघा. तो झेपत नसेल तर इकॉनॉमीतच थोडे पैसे भरून पाय पसरायला जागा असलेली कडेची सीट आधीच घेऊन ठेवा. आपत्कालीन दरवाजाजवळची मागू नका, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती देत नाहीत. अठरा-वीस तास एकामागून एक बसण्यापेक्षा मध्ये चार-पाच तासांचा थांबा असलेलं विमान तुमच्यासाठी बरं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, तिला पैसे लागत नाहीत. पाय सुजतात म्हणता, तर घट्ट मोजे घालायचे का आणि विमानात औषधांच्या वेळा कशा सांभाळायच्या, हे डॉक्टरांना विचारायला हवं. मधुमेह असताना मोज्यांचा निर्णय दुकानदाराकडे सोपवू नका.

परतीचं आत्ता ठरवू नका, असं मी म्हणेन. सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, त्यामुळे तारखेचं दडपण नाही. तुमचा वैद्यकीय विमा किती दिवसांचा आहे ती खरी मर्यादा. बाळंतपण झाल्यावर मुलगी ‘आई, अजून महिनाभर’ म्हणणार, हे तुम्हालाही माहीत आहे. जाण्याचं पॉइंटांवर काढलंत तर परतीचं एकेरी तिकीट मुलीने तिथून डॉलरमध्ये बघावं. ते दुहेरीच्या निम्म्याहून महाग पडेल, हे धरून चाला. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर आणि डिसेंबरच्या सुट्टीत भाव चढतात. सप्टेंबरचा शेवट जमला तर बरा. त्या वेळी पुन्हा एखादा सेल चालू असेल, जावईबापू पुन्हा एक्सेल पाठवतील. तिच्यात इकॉनॉमीचा रोखीचा भाव पहिल्या रकान्यात घालायला सांगा.